थंडी सरल्यावर किनाऱ्यावरून देवमासे, डॉल्फिन: कधी आणि कुठून बघायचे?

वाळूचीरेघ: मार्च-एप्रिलची वाट बघतेय. होडी नको, किनाऱ्यावरूनच बघायचंय. दुर्बीण 8×42 (8 पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 42 मिमी) आहे. ती पुरेल का? दिवस कसा निवडायचा आणि पाण्यात नेमकं काय शोधायचं? त्याच फेरीत खडकांतली डबकीही बघता येतील का?

खडकावरचा: तारखेआधी वारा बघा. ब्यूफोर्ट (वाऱ्याचा जोर मोजायची 0 ते 12 ची श्रेणी) 2 पर्यंत पाणी वाचता येतं. 3 लागला, म्हणजे वारा ताशी 12 किमीच्या पुढे गेला, की लाटांचे माथे पांढरे फुटू लागतात आणि प्रत्येक फेस डॉल्फिनच्या पाठीवरच्या परासारखा दिसतो. मग डोळे शिणतात, हाती काही लागत नाही.

दुसरं, उंची. डोळ्याच्या उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ गुणिले 3.57, एवढे किलोमीटर क्षितिज दूर. वाळूत उभं राहिलात तर जेमतेम 5, 30 मीटर कड्यावरून 19-20. सूर्य पाठीशी हवा, म्हणून पश्चिमेच्या किनाऱ्यावर सकाळ, पूर्वेच्या किनाऱ्यावर दुपार.

8×42 उत्तम. 10 पटींच्या वर हाताचा कंपच मोठा होतो, तिथे तिपाई लागते. पण सुरुवातीपासून दुर्बीण डोळ्याला लावून बसू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी सावकाश नजर फिरवा. पक्षी एकाच जागी सूर मारत असतील तर खाली माशांचा थवा असतो, तिथे रोखा.

फवारा_दिसला: वसंतात गर्दी का होते, तेही सांगतो. हिवाळ्यातल्या वादळांनी खालची पोषकद्रव्यं वर आलेली असतात. ऊन वाढलं की वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) झपाट्याने वाढतं, त्यामागे प्राणिप्लवक (तसेच तरंगणारे बारीक जीव), मासे आणि मग मोठी मंडळी. हे थंड आणि समशीतोष्ण समुद्रांचं गणित, विषुववृत्ताजवळ लावू नका.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून करडे देवमासे याच काळात मेक्सिकोतल्या बाजा कॅलिफोर्नियाहून आर्क्टिककडे निघतात. पिल्लंवाल्या माद्या सर्वांत शेवटी आणि किनाऱ्याला धरून जातात. या जातीला पाठीवर पर नसतो, नुसते उंचवटे. पर शोधत बसाल तर समोरून निघून जाईल. फवारा शोधा, म्हणजे श्वास सोडताना वर उडणारी वाफ. साधारण तीन ते पाच फवारे, मग तीन ते पाच मिनिटांची बुडी. म्हणून फवारा दिसला तरी जागा सोडू नका, पुढचा प्रवासाच्या दिशेने थोडा पुढे येईल.

ओहोटीपंचांग: डबक्यांसाठी उधाणाची ओहोटी हवी, भांगाची (अष्टमीच्या सुमाराची, पाणी कमी उतरणारी) नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी पाणी सर्वांत खाली जातं, आणि मार्चमधल्या विषुवदिनाच्या आसपास तर आणखी खाली. वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. तळाच्या ओहोटीआधी तासभर पोहोचा, पाण्यामागून खाली उतरा, पाणी वळलं की निघा. भरतीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात एकूण चढीपैकी निम्मी चढ होते. लोक अडकतात ते तेव्हाच, कारण पहिल्या तासात पाणी हललंय असं वाटतच नाही.

दगड उचललात तर होता तसाच परत ठेवा. उलटा राहिला तर खालचे जीव उन्हात सुकतात आणि वरचं शेवाळ अंधारात मरतं. खडकावर पांढरी, गुंडाळलेली फीत दिसली तर ती खरवडू नका, समुद्री गोगलगायींची अंडी असू शकतात.

वाळूचीरेघ: आभार! वाळूवर एकटं सीलचं पिल्लू दिसलं तर पाण्यात सोडायचं का?

खडकावरचा: अजिबात नाही. आई बहुधा खायला गेलेली असते. 100 मीटर लांब राहा. त्याने मान उचलून तुमच्याकडे बघितलं, म्हणजे तुम्ही आधीच जवळ गेलात. जखम दिसली तर स्थानिक वन्यजीव बचाव पथकाला कळवा, हात लावू नका.