तीन चाकं की चार?

तुमच्या आईंसाठी मोबिलिटी स्कूटर, म्हणजे चालायला त्रास होणाऱ्यांची बॅटरीवरची बसायची गाडी, तीन चाकी घ्यावी की चार चाकी, असं विचारलंत. तीन चाकी कमी जागेत वळते, हे वर कुणी म्हटलंय ते खरं, पण ते मॉलच्या फरशीवर. आपल्याकडे उंबऱ्याबाहेर उतार आणि जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. पायऱ्या कुठलीच स्कूटर चढत नाही, रॅम्प बांधावाच लागतो. तिरक्या उतारावर मात्र चार चाकंच बरी. रत्नागिरीला माझ्या आईची तशीच आहे. खाऱ्या वाऱ्याने बॅटरीच्या टर्मिनलवर थर चढतो, म्हणून पुसून व्हॅसलिन लावतो. लेड-ॲसिड बॅटरी पावसाळाभर पडून राहिली तर खराब होते, गाडी वापरली नाही तरी अधूनमधून चार्ज करा. आणि उतारावर फ्री-व्हीलचा खटका (बंद गाडी हाताने ढकलता यावी म्हणून असतो तो) अजिबात ओढू नका, त्याने ब्रेकच सुटतो! नातवंडांना तो आधी दाखवू नका. रंग काय, आईंनाच निवडू दे.