माराकेश ते फेस, वाळवंटातून: सासूबाईंना घेऊन जावं का?

प्रेषक: मोर्शीच्या वहिनी

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत मुलीच्या शाळेला सुट्टी आहे, तेव्हा मोरोक्कोला जायचं ठरतंय. माराकेशला उतरायचं, गाडी आणि ड्रायव्हर करून वाळवंटातून फेसला जायचं आणि तिथूनच परतीचं विमान पकडायचं. आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई. सासूबाई जानेवारीत मोर्शीहून इकडे ब्रिटनला येताहेत. वय ७१. संत्र्याची बाग अजून स्वतः बघतात, पण गुडघे कुरकुरतात, आणि त्या अंडंसुद्धा खात नाहीत.

जिथे विचारावं तिथे तीन दिवसांचाच कार्यक्रम सांगतात. त्यांना झेपेल का? आई-वडलांना घेऊन कुणी गेलंय का? भूकंपानंतर रस्ते कसे आहेत?

---

प्रेषक: मंडळाचे जुने खजिनदार काका

वहिनी, आम्ही तीन दिवसांचीच सहल केली होती, सतरा जणांच्या गाडीत. माझा सल्ला एवढाच की तशी करू नका. दुसऱ्या दिवशी वाळवंटाशी पोचलो तेव्हा अंधार पडलेला. अंधारातच उंटावर बसलो, पहाटे अंधारातच उतरलो. तिसरा दिवस सगळा गाडीत गेला. वाळू नीट पाहिली ती परत आल्यावर फोटोत.

भूकंप सप्टेंबर २०२३ चा. आम्ही त्यानंतर गेलो होतो. मुख्य घाटरस्ता चालू होता आणि चांगला होता. मुलीकडे ड्रोन असेल तर घरी ठेवा, विमानतळावर काढून घेतात. सासूबाईंचा पासपोर्ट भारतीय असेल तर व्हिसा लागेल, ऑनलाइन मिळतो. तुम्हा ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना लागत नाही.

बाकी दर्यापूरकर सांगतील. ते वडलांना घेऊन गेले होते.

---

प्रेषक: दर्यापूरकर

वहिनी, नमस्कार.

उत्तराला चार दिवस लागले, कारण सध्या गावी आहे. तूर सोंगणीला आलीय, कपाशीची शेवटची वेचणी चालू आहे आणि नेटवर्क मिळतं ते मारुतीच्या पारावर. तुमचा मेल काल रात्री बाबांना वाचून दाखवला. ते उठून बसले. त्यामुळे हे उत्तर निम्मं त्यांचं समजा.

जरूर न्या. पण तीन दिवसांत नाही. सहा दिवस आणि पाच रात्री घ्या. माराकेश ते वाळवंटाच्या काठचं मेरझुगा साधारण साडेपाचशे किलोमीटर, मेरझुगा ते फेस पावणेपाचशे. आकडे ऐकून नागपूर-मुंबईपेक्षा थोडंसं जास्त वाटतं, पण मधे अॅटलस पर्वत दोनदा ओलांडावा लागतो. पहिल्याच दिवशी तिशकाचा घाट लागतो, २,२६० मीटर उंच. आपलं चिखलदरा त्याच्या निम्म्याहून कमी. सासूबाईंना गाडी लागत असेल तर पुढच्या सीटवर बसवा.

पहिली रात्र ऐत बेनहद्दूला. मातीच्या वाड्यांचं गाव, १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत. भिंती माती आणि भुशाच्या, पाऊस पडला की दरवर्षी लिंपायला लागतात. बाबांनी एका भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आपल्या जुन्या घरासारखीच हाये." आमचं जुनं घर धाब्याचं होतं, पांढऱ्या मातीचं. ८८ सालच्या पावसात ते बसलं. तेव्हापासून त्या घराबद्दल त्यांच्या तोंडून शब्द ऐकला नव्हता.

दुसरी रात्र तिनघिरला. जवळच तोद्राची घळ आहे, दोन्ही बाजूंना जवळपास ३०० मीटरचे उभे कडे आणि तळाशी घोट्याएवढं स्वच्छ पाणी. सपाट डांबरी रस्ता आतपर्यंत जातो, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही.

स्वतःची गाडी कशासाठी करायची ते तिसऱ्या दिवशी कळलं.

तिनेजदादहून एर्फूदकडे निघालो. दोन्हीकडे करडं, सपाट माळरान. एकाएकी बाबांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर बोट केलं. लांबवर मातीचे ढीग होते, एका रेषेत, एकामागे एक, मोठ्या वारुळांसारखे. बाबा मला म्हणाले, "हे वारूळ नोहोय. खाली कोनीतरी खोदलं हाये."

ड्रायव्हर तिकडचाच, ताफिलाल्तचा. त्यानं गाडी थांबवली. त्या ढिगांना तिथे खेत्तारा म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी एक खोल विहीर खणायची आणि पाणी लागलं की तिथून शेताच्या दिशेनं जमिनीखालून बोगदा काढायचा. जमिनीचा उतार जेवढा, त्याहून बोगद्याचा उतार किंचित कमी ठेवायचा. मग कित्येक किलोमीटरवर बोगदा आपोआप उघड्यावर येतो आणि पाणी वाहत शेतात येतं. मोट नको, पंप नको. ऊन लागत नाही म्हणून वाटेत आटतही नाही. ते ढीग म्हणजे हवेच्या आणि गाळ काढायच्या भोकांतून वर आलेली माती.

बाबांना हे लगेच कळलं, कारण तरुणपणी त्यांनी बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा पाहिलेला आहे. अब्दुल रहीम खानखानानं १६१५ च्या सुमारास सातपुड्याचं पाणी असंच जमिनीखालून शहरात आणलं होतं. औरंगाबादची मलिक अंबरची नहर त्याच जातीची. म्हणजे आपल्या मेळघाटाच्या पलीकडे आणि सहाराच्या काठावर, दोन्हीकडे माणसांनी एकच युक्ती केली.

पायऱ्या उतरून आत जाता येतं. वाकावं लागलं नाही, पण पायऱ्या ओबडधोबड आहेत, सासूबाईंना हात द्या. आत गार वाटलं. पण बोगदा कोरडा होता.

"पानी कुठी गेलं?" बाबांनी विचारलं. मी ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, पंप आले. डिझेलचे पंप आले तशी ज्याच्याकडे पैसा होता त्यानं खोल विहीर खणली, भूजल खाली गेलं आणि बोगदे कोरडे पडले. १९६५ च्या पुरानंतर झीझ नदीवर धरण बांधलं, ते १९७१ मध्ये पुरं झालं. पुराचं जे पाणी पूर्वी खाली मुरायचं, तेही कमी झालं.

बाबा बराच वेळ आतच उभे राहिले. वर आल्यावर म्हणाले, "वरूड-मोर्शीले हेच झालं नं." वहिनी, तुमच्या सासूबाईंना हे समजावून सांगावं लागणार नाही. संत्र्यासाठी बोअर किती खोल गेले हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

मेरझुग्याला दोन रात्री राहा, एक गावात आणि एक तंबूत. वाळूचे डोंगर दीडशे मीटरपर्यंत उंच आहेत. सकाळी गुलाबी असतात, दुपारी पिवळे, संध्याकाळी तांबडे. उंटाचा आग्रह धरू नका. उंट मागच्या पायांवर आधी उठतो तेव्हा बसलेला माणूस पुढे फेकला जातो, ते म्हाताऱ्या कमरेला सोसत नाही. तंबूपर्यंत जीपनं सोडतात, फक्त आधी ठरवून घ्या. फेब्रुवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते, गोधड्या मागून घ्या.

पण बाबांना त्या वाळूपेक्षा हास्सीलाबिएद जास्त आवडलं. वाळूच्या अगदी पायथ्याशी छोटं गाव आहे आणि गावाच्या बाजूला खजुराची राई. खजुराखाली लसूणघास, गहू, पालेभाजी. प्रत्येक घराचा वाफा वेगळा, आणि पाणी एकाच पाटातून येतं, पाळीपाळीनं. इथला खेत्तारा जिवंत आहे. पाऊस वाळूत मुरतो, खाली साठतो आणि गावाला मिळतो.

बाबा पाटाशी बसले. ओंजळीत पाणी घेतलं, आधी वास घेतला, मग जिभेवर ठेवलं. माझ्याकडे पाहून म्हणाले, "गोळ हाये रे."

मंडळींपैकी जे विदर्भातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. जमीन अशी काळीभोर की कापूस छातीला लागतो, पण खाली जेवढं खणाल तेवढं खारं पाणी. त्यानं ओलीत केलं तर जमीन चिबडते, वर पांढरं फुटतं. प्यायला तर नाहीच. माझ्या आईनं नळयोजना येईपर्यंत जन्मभर दोन कोसांवरून पाणी आणलं. नवीन सोयरीक आली की गावात पहिला प्रश्न पाण्याचा व्हायचा. असा माणूस सहाराच्या काठावर बसून गोड पाणी पितो तेव्हा त्याच्या मनात काय चालतं, ते मी विचारलं नाही. ते तासभर पाटाशी बसून होते. दोन बायका कपडे धुवायला आल्या, त्यांनी हसून सलाम केला, बाबांनी रामराम केला.

सहलीच्या गाड्या तिथे थांबत नाहीत. गाडी तुमची असेल तर थांबता येतं. गाडीचे पैसे डोक्यावर नसतात, गाडीवर असतात, म्हणून चौघांत ती वाटते तेवढी महाग पडत नाही. ठरवताना एवढंच लिहून घ्या की रोज दोन ठिकाणी आम्ही म्हणू तिथे थांबायचं.

जवळच्या रिसानीतही अर्धा दिवस काढा. जुनं सिजिलमासा तिथेच होतं, आठव्या शतकातलं शहर, आता मातीच्या पडक्या भिंती उरल्यात. इथून उंटांचे तांडे दक्षिणेला जायचे, परत येताना सोनं आणायचे. प्रवासी इब्न बतूता १३५२ मध्ये इथूनच दक्षिणेला निघाला. हा तोच, जो त्याआधी दहा वर्षं आपल्या दौलताबादला येऊन गेला होता. वाटेत त्याला तगाझा गाव लागलं, तिथे मिठाच्या खाणी. घरं मिठाच्या चिपांची आणि छप्पर उंटाच्या कातड्याचं. हे बाबांना सांगितलं तर त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मिठानं आमची शेती बसवली, आणि कुणी त्याच मिठासाठी दोन महिने वाळवंट तुडवायचं, हे त्यांना काही केल्या पटेना. अजून पारावर सांगतात.

तिथून आम्ही एका दमात फेसला गेलो, ही आमची चूक. नऊ तास लागले, बाबांचे पाय सुजले. तुम्ही मिदेल्तला मुक्काम करा. सफरचंदांचं गाव आहे, हवा थंड. पुढे अझरूच्या देवदार जंगलात माकडं दिसतात, मुलीला आवडेल. मग इफ्रान. १९३५ साली तिथे उणे २३.९ अंश नोंदले गेले. सहारातून निघून दुसऱ्या दिवशी बर्फ, त्यामुळे स्वेटर वरच्या बॅगेत ठेवा. इब्न बतूतासुद्धा परतताना याच डोंगरांतून, बर्फातून फेसला आला आणि तिथेच त्यानं आपला सगळा प्रवास लिहवून घेतला.

फेसबद्दल थोडक्यात. जुन्या शहरात गाडी जात नाही, सामान हातगाडीवर. गल्ल्यांत चढउतार फार आहे, म्हणून सासूबाईंसाठी दरवाज्याजवळची खोली घ्या आणि एक दिवस स्थानिक वाटाड्या करा. ड्रायव्हर वाटाड्या नसतो. करवीयीनची मशीद ८५९ सालची, फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईनं बांधवली असं सांगतात. आत आपल्याला जाता येत नाही, पण दारातून चौक दिसतो.

खाणं. भाजीचं ताजीन, म्हणजे झाकणाच्या मातीच्या भांड्यात शिजवलेली रस्साभाजी, सगळीकडे मिळतं, पण रस्सा कधी कधी मटणाचा असतो, दरवेळी विचारा. रोटी ताजी आणि जाड असते, डाळी-मसुराचं सूप मिळतं, संत्री भरपूर. आम्ही जवसाची चटणी आणि कुटाची चटणी नेली होती. जवसाची चटणी, ऑलिव्हचं तेल आणि ती गरम रोटी हे बाबांचं सहा दिवसांचं जेवण. ड्रायव्हरलाही ती चटणी इतकी आवडली की उरलेला डबा त्यालाच दिला.

---

प्रेषक: मोर्शीच्या वहिनी

दादा, तुमचा मेल काल फोनवर सासूबाईंना वाचून दाखवला. खेत्ताऱ्यापाशी पोचले तेव्हा म्हणाल्या, थांब, परत वाच. आमच्या बागेत सासऱ्यांनी ९५ साली पहिला बोअर घेतला, तेव्हा दीडशे फुटांवर पाणी होतं. मागच्या वर्षीचा साडेआठशेला कोरडा गेला आणि ४० झाडं तोडावी लागली. हे त्यांनी आम्हाला आजवर सांगितलं नव्हतं, काल सांगितलं.

तीन दिवसांचं रद्द केलं. सहा दिवसांची गाडी ठरवतोय. तो कोरडा बोगदा नेमका कुठे, आणि हास्सीलाबिएदच्या पाटाशी कसं जायचं?

---

प्रेषक: दर्यापूरकर

वहिनी, तिनेजदादहून एर्फूदच्या रस्त्याला लागा. जोर्फ गाव यायच्या आधी रस्त्याच्या कडेलाच ढिगांच्या ओळी दिसतात, एकदोन तंबू उभारलेले असतात, तिथेच उतरायला पायऱ्या. थोडे पैसे घेतात, द्या.

हास्सीलाबिएदला गाडी गावात लावा आणि वाळूकडे तोंड करून चालत जा. पाचसात मिनिटांत राई लागते. पाट दिसला की त्याच्या कडेनं उलट्या दिशेला, पाणी येतं तिकडे चला. बांधावरून चाला, वाफ्यात पाय पडू देऊ नका.

बाबा म्हणताहेत, सासूबाईंना सकाळी न्या, ऊन चढायच्या आत. आणि पाण्याची चव घ्यायला सांगा, मग त्या काय म्हणाल्या ते कळवा. उद्यापासून तूर काढायचं यंत्र येतंय, तेव्हा दोनतीन दिवस मी पारावर येणार नाही. पण तोवर लिहून ठेवा, आलो की त्यांना वाचून दाखवतो.