डिपॉझिटला कायद्याची मर्यादा असावी का?

लातूरकर :
केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यानुसार राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक डिपॉझिट घेता येत नाही. मात्र तो राज्यांसाठी केवळ नमुना आहे. आपल्याकडे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा चालतो, आणि त्याचे कलम ५६ घरमालकाला अनामत घेण्याची मोकळीक देताना कमाल रक्कम सांगत नाही. लातुरात नीटच्या तयारीसाठी खेड्यापाड्यांतून मुले येतात, पालक उसनवारी करून डिपॉझिट भरतात, आणि परीक्षा संपल्यावर रंग, सफाई, मोडलेली कडी अशी कारणे सांगून त्यातले बरेचसे कापले जाते. राज्याने किमान ही एक तरतूद उचलावी, असे माझे मत आहे.

गुलमंडीकर :
असहमत. भाडेकरूने भाडे थकवले, तर कलम १५ प्रमाणे घरमालकाने लेखी नोटीस द्यायची आणि ९० दिवस थांबायचे. त्यानंतर दावा लावला, तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने थकबाकी १५ टक्के व्याजासह कोर्टात भरली की जागा त्याच्याकडेच राहते. दोन महिन्यांचे डिपॉझिट नोटिशीची मुदत संपण्याआधीच संपेल. आमच्या जुन्या दुकानाच्या निमित्ताने हे सारे आम्ही भोगले आहे. वर्षाला चार टक्के भाडेवाढ एवढीच कायद्याची मेहेरबानी, आणि तीही बाजारभावाच्या कोसभर मागे.

नांदेडचा वकील :
आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करीत आहात. कलम १५ चे संरक्षण भाडेकरूला आहे. विद्यार्थ्याला खोली दिली जाते ती बहुधा लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापराच्या परवान्यावर; तो भाडेकरू नसून परवानाधारक असतो. मुदत संपल्यावर त्याने खोली सोडली नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि तोवर दुप्पट शुल्क मागता येते. ही सोय फक्त राहत्या जागेपुरती असल्यामुळे आपल्या दुकानाचे दुःख खरे असले, तरी त्यावरून लातूरच्या खोलीचा न्याय करता येणार नाही.

शिवाय आदर्श कायदा जुन्या भाडेकरारांना लागूच होत नाही, त्यामुळे तो आला तरी आपल्या दुकानाचे काहीच बदलणार नाही. त्यातले भाड्याच्या तक्रारी ऐकणारे भाडे प्राधिकरणही मराठवाड्याला अगदी अनोळखी नाही. ३१ मार्च २००० रोजी सध्याचा कायदा लागू होईपर्यंत इथे हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा होता आणि प्रकरणे भाडे नियंत्रकापुढे चालत. आता ती दिवाणी न्यायालयात जातात.

गुलमंडीकर :
कलम २४ मुदत संपल्यावर कामाला येते. मुदत चालू असतानाच पोराने तिसऱ्या महिन्यापासून भाडे बंद केले तर? निवृत्तीनंतर दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणाऱ्याने काय करायचे? मर्यादा घातलीत, तर तोच माणूस भाडे वाढवेल आणि भार पुन्हा पालकांवरच येईल.

लातूरकर :
भाडे वाढले तर ते निदान आधी कळते, दुसरी खोली पाहता येते. कापलेले डिपॉझिट मूल सामान बांधून निघाल्यावर कळते, आणि तेव्हा पालक उदगीर किंवा अहमदपूरहून भांडायला किती वेळा येणार? अकरा महिन्यांचा कागद बाँडवर नोटरी करून उरकला जातो. वस्तुतः कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार नोंदवणे सक्तीचे असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का एवढेच. तरीही नोंदणी मागितली की ‘दुसरीकडे बघा’ असे उत्तर मिळते.

नांदेडचा वकील :
आणि त्यात नुकसान घरमालकाचेच आहे, कारण नोंदणीकृत करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. गुलमंडीकरांना मुदतीतल्या थकबाकीची भीती वाटते. ती वाजवी आहे. नोंदवलेल्या करारात थकबाकीमुळे परवाना संपुष्टात आणण्याची अट घालावी, डिपॉझिटमधून कशाकशासाठी कपात होईल तेही तिथेच लिहावे आणि कपात पावतीशिवाय करू नये.

गुलमंडीकर :
पावतीची अट मान्य. दोन महिन्यांची मर्यादा मात्र मान्य नाही. चार महिने म्हणाल तर बोलू.