झेन डिझेल (2001): डिझेल गळतंय, सकाळी स्टार्टिंगला त्रास. पाइप घरीच बदलायचे आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी वडिलांची झेन डिझेल. इंजिन प्यूजोचं, टीयूडी5, 1527 सीसी. कल्याणला बनायच्या त्या प्यूजो 309मध्ये हेच इंजिन होतं, तेव्हा 309 हाताळलेल्यांनीही जरूर लिहा. आम्ही चिपळूणला असतो. इथल्या दमट हवेत गाडीच्या पोटाखालच्या लोखंडी पाइपांचं काय होतं ते कोकणातल्यांना सांगायला नको.

त्रास दोन आहेत. पहिला, इंजिन चालू असताना नोझलांच्या (इंजिनात डिझेलचा फवारा मारणाऱ्या तोंडांच्या) बाजूला ओल येते. चार नोझलांना जोडणारे, उरलेलं डिझेल परत नेणारे जे कापडी विणीचे बारीक रिटर्न पाइप असतात, ते नखाने दाबले तर आतलं रबर कडक लागतं आणि वीण डिझेलने काळी पडून फुगली आहे. तिथून डिझेल ओघळून टायमिंग बेल्टच्या कव्हरकडे जातंय, याची मला जास्त धास्ती आहे. दुसरा त्रास, रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. फिल्टरजवळचा हातपंप दाबून घट्ट केला की लगेच चालू होते. मात्र गाडीखाली एक थेंबही नाही.

इथल्या एका गॅरेजने इंजिनावरचा डिझेल पंप उतरवून ओव्हरहॉल करायला सांगितलं. पंप जुना आहे हे मान्य, पण दहा रुपयांच्या रबराला हात न लावता थेट पंप उघडणं मला पटत नाही. पुढचं पासिंग तोंडावर आहे, त्याआधी गाडी कोरडी ठणठणीत करायची आहे.

विचारायचं ते असं: दोन्ही त्रासांचं मूळ एकच आहे का? रिटर्न पाइप कोणत्या मापाचा घ्यावा? आणि 2020पासून बीएस6 डिझेल आलं, त्याने पंपातल्या जुन्या रबरी सिलांवर परिणाम होतो असं ऐकतो, त्यात कितपत तथ्य आहे?

प्रतिसाद: घाटवाट

पंपाला इतक्यात हात लावू नका. या इंजिनाला टाकीतून डिझेल ढकलणारा वेगळा पंप नाही, रोटरी पंप स्वतःच ओढून घेतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन ओढीवर चालते. तिथे फट पडली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. रात्री ती हवा शिरते, डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी पंप कोरडा. खाली थेंब दिसत नाही तो यामुळेच. रिटर्नचं दुखणं वेगळं, तरी जुन्या रिटर्नमधूनही हवा शिरते, म्हणून आधी तेच बदला.

माप व्हर्नियरने घ्या, अंदाजाने नको. असा विणीचा पाइप बहुधा आतून 3.2 किंवा 3.5 मिमीचा असतो. तो नुसता दाबून बसवायचा, क्लिप लावायची नाही. जुना ओढून काढू नका, नोझलचं तोंड वाकतं. ब्लेडने उभा चिरून सोडवा. शेवटच्या नोझलवर बंद टोपी असते, तीही नवी घाला.

मग एक चाचणी करा. स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन बॉनेटच्या उंचीला टांगा, पंपाची इनलेट आणि रिटर्न दोन्ही त्यातच सोडा. सकाळी गाडी पटकन चालू झाली तर पंप निर्दोष, फट टाकीच्या बाजूला. नाही झाली तर मात्र पंपाच्या सिलांकडे बघावं लागेल.

प्रतिसाद: जुनंइंजिन

घाटवाट यांनी नेमकं सांगितलंय. थोडी भर घालतो.

पंपाकडून नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपांना इंजिन चालू असताना हाताने चाचपू नका. तिथे शंभर बारच्या वर दाब असतो, बारीक फवारा कातडीतून थेट आत घुसतो. वरून टाचणीएवढी जखम दिसते, पण आतलं मांस सडू शकतं. तसं कधी झालंच तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

बीएस6बद्दल: डिझेलमधलं गंधक 50वरून 10 पीपीएमवर (दहा लाख भागांत 10 भाग) आलं. अमेरिकेत 1993ला कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हा जुन्या पंपांच्या नायट्राइल रबराच्या सिला आकसून गळू लागल्याच्या तक्रारी आल्या होत्या. त्याचं कारण गंधकापेक्षा डिझेलमधले ॲरोमॅटिक घटक कमी होणं हे मानलं गेलं. त्यामुळे सील बदलायची वेळ आलीच तर व्हायटॉनची (इंधनाला टिकणाऱ्या रबराची) मागा.

बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे, दोन्ही बाजूंना. टेफ्लॉन टेप आणि एम-सील लावूच नका, टेपचे धागे फिल्टरपुढे गेले तर नोझल तुंबतात. आणि गंजलेल्या पाइपवर रबर चढवून क्लिप आवळायचा मोह टाळा. खरबरीत पृष्ठभागावर हवा रोखली जात नाही. पूर्ण तुकडा नवा करा, पण तांब्याच्या नळीचा नको, तांब्यामुळे डिझेल लवकर खराब होतं.

काम झाल्यावर हातपंपाने एअर काढा. तरी गाडी चालू नाही झाली तर नोझलांवरचे लोखंडी पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ द्या, डिझेल दिसलं की आवळा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. रिटर्न पाइप आणि टोपी बदलली, 3.2 मिमीचा बरोबर बसला. नोझलांची बाजू आता कोरडी आहे. बेल्टचं कव्हर उघडून पाहिलं, बेल्टपर्यंत डिझेल पोचलं नव्हतं.

कॅनची चाचणीही केली. रात्रभर उभी राहून सकाळी लगेच चालू झाली, हातपंपाला हात लावावा लागला नाही. म्हणजे पंप वाचला, फट मागेच आहे. खाली शिरून तारेच्या ब्रशने घासलं तर मागच्या ॲक्सलच्या वर, पाइप जिथे पट्टीने आवळलाय, तिथे पट्टीखालीच गंजाचे पापुद्रे निघाले. चिखल तिथेच साचून राहत असणार. तो तुकडा टाकी न उतरवता निघतो का? झेनवर हे काम केलेल्या कुणी सांगितलं तर रविवारी हात घालीन.