मदत हवी आहे : रामदेवरायाच्या मुलींची नावं वंशवृक्षात कशी लिहावीत?

नमस्कार मंडळी,

मी बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत सातवीला इतिहास शिकवते. पुढच्या महिन्यात मुलांना घेऊन देवगिरीला सहल जाणार आहे. त्याआधी व्हरांड्यात यादवांचा वंशवृक्ष लावायचा म्हणून चार ड्रॉइंग पेपर जोडून पट्टी केली आहे. रामचंद्रदेवापाशी, म्हणजे आपल्या रामदेवरायापाशी, आले आणि अडले.

वरचं सरळ आहे. कान्हरदेव, मग त्याचा धाकटा भाऊ महादेव, महादेवानंतर त्याचा मुलगा आमण. १२७१ मध्ये रामचंद्राने आमणाला हटवलं. पुरुषोत्तमपुरीच्या ताम्रपटात ती हकीकत आहे: नर्तकांच्या वेशात माणसं गडावर घुसवली आणि चुलतभावाला पकडलं. हा ताम्रपट आमच्याच जिल्ह्यातला, त्यामुळे पोरं हे कान टवकारून ऐकतात. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीला वेढा घातला तेव्हा गडावरच्या गोणी उघडल्यावर धान्याऐवजी मीठ निघालं, हेही त्यांना पाठ झालंय. रामदेवरायाचा मुलगा शंकरदेव तेव्हा फौज घेऊन बाहेर होता आणि पुढे खिलजीचा सरदार मलिक काफूर याच्या स्वारीत मारला गेला, हेही चौकटीत बसलं.

अडचण मुलींची आहे. एक मुलगी अल्लाउद्दीन खिलजीकडे गेली. तिचा मुलगा शिहाबुद्दीन उमर १३१६ मध्ये कोवळ्या वयात दिल्लीच्या तख्तावर बसवला गेला. म्हणजे देवगिरीच्या राजाचा नातू दिल्लीचा सुलतान! खिलजीचाच दुसरा मुलगा मुबारकशहा याने त्याला बाजूला सारून आंधळं केलं. त्याच मुबारकशहाने १३१८ मध्ये रामदेवरायाचा जावई हरपाळदेव याला हाल करून मारलं. एकाच माणसाच्या हातून या घरातल्या दोन मुलींचे संसार उद्ध्वस्त झाले, आणि माझ्या कागदावर दोघींच्या जागी नुसतं 'कन्या'. दोनदा पेन्सिलीने लिहिलं, दोनदा खोडलं. तिथला कागद आता खरखरीत झालाय.

चौदाव्या शतकातला इतिहासकार इसामी याच्या फारसी काव्यात खिलजीकडे गेलेल्या मुलीचं नाव येतं. मराठीत ते कुणी 'झत्यपाली' लिहितं, कुणी 'जेठापाली'. ही फारसी लिपीतून आलेली रूपं आहेत. घरात तिला या नावाने हाक मारत असतील असं मला वाटत नाही. फारसी वाचता येणाऱ्या कुणी मूळ अक्षरं एकेक करून सांगाल का? तेराव्या शतकातली मराठी नावं ज्यांच्या अभ्यासात आहेत त्यांनी मग त्यावरून मूळ रूप काय असावं ते सुचवावं. त्या काळी बायकांच्या नावांना 'आइसा' लागायचं, महानुभाव साहित्यातली रामदेवरायाची राणी कामाइसा तशीच. याचा काही धागा लागतो का?

दुसरं, हरपाळदेवाच्या बायकोचं नाव एखाद्या शिलालेखात किंवा महानुभाव पोथीत कुणाला दिसलं असेल तर कृपया पोथी आणि पान सांगा. ऐकीव नाव नको, मुलं ते खरं धरून चालतील.

आणि शिक्षक मंडळींना विचारते, नाव हाती लागेपर्यंत चौकटीत काय लिहावं? मी सध्या पहिलीत 'शिहाबुद्दीन उमरची आई' आणि दुसरीत 'हरपाळदेवाची पत्नी' असं लिहून वर नावापुरती ओळ मोकळी ठेवली आहे. चालेल ना? सहलीच्या आदल्या शनिवारी पट्टी भिंतीवर चढवायची आहे.