अवकाळी, परतीचा की हत्तीचा?

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काढणीला आलेलं सोयाबीन भिजलं की टीव्हीवर लगेच पट्टी, "अवकाळीचा तडाखा". आमची आजी मात्र म्हणते, अवकाळी कसला, हा हत्तीचा पाऊस, हस्त नक्षत्र चालू आहे ना. मग शब्द कुणाचा बरोबर धरायचा?

– आजीचा. हवामान खात्याचं कॅलेंडरही आता तिच्याच बाजूनं आहे. 2020 साली खात्यानं तारखा बदलल्या, मुंबईतून मान्सून परतायची तारीख 29 सप्टेंबरची 8 ऑक्टोबर झाली आणि राजस्थानातून परतीची सुरुवात 1 सप्टेंबरवरून 17 वर गेली. मुंबईत यायची तारीख मात्र एकच दिवस पुढे, 10 ची 11 जून. म्हणजे 3 ऑक्टोबरचा पाऊस जुन्या हिशेबात मुदत संपल्यावरचा होता, आता हक्काचा मोसमी.

– नक्षत्रं पण सरकतात की! हल्ली मृग कोरडाच जातो, पाऊस आर्द्रात येतो.

– नक्षत्र सरकतं, पण 72 वर्षांत जेमतेम एक दिवस. तुमच्या आजोबांचा मृग आणि तुमचा मृग जवळपास त्याच तारखेला लागतो, पाऊस मागेपुढे झाला तर खापर नक्षत्रावर नको.

– बेमोसमी आणि अवकाळी एकच ना?

– पेपरात एकच, शेतात नाही असं माझं मत. मोसम हा अरबी मौसिम, मान्सूनही त्यातूनच आलेला, तेव्हा बेमोसमी म्हणजे सरळ ऋतूबाहेरचा, तारखेवर ठरणारा. अवकाळी मधला काळ मात्र पिकाचा असतो. मे मधे नांगरून टाकलेल्या रानात पाऊस पडला तर तो वळीव, ढेकळं फुटतात, माणूस खुश, आणि त्याच संध्याकाळी बांधापलीकडे काढलेला कांदा उघड्यावर पडलेला असेल तर तोच पाऊस अवकाळी. ढग एकच, शब्द दोन. (आणि प्रत्येक जोरदार सरीला ढगफुटी म्हणणं बंद करा राव, ढगफुटी म्हणजे छोट्याशा भागात तासाभरात 100 मिलिमीटर.)

– थांबा, मग तुमच्याच नियमानं ऑक्टोबरमधे सोयाबीन भिजवणारा पाऊस अवकाळीच झाला की! आजी हरली.

– हं, पकडलंत. पण आजीचं रान बघा, तिच्या वेळी हत्तीच्या पावसाची वाट बघायचे कारण त्याच्या ओलीवर रब्बीची ज्वारी पेरायची. सोयाबीन आपल्याकडे पसरलं गेल्या तीस चाळीस वर्षांत आणि त्याची काढणी नेमकी हस्तात सापडते. त्यात मान्सून रेंगाळायला लागला. पाऊस उशिरापर्यंत थांबतोय हे खरंच, पण त्याला अवकाळी हे नाव पडलं त्याचं निम्मं कारण बदललेलं पीक.

– आजीला वाचून दाखवलं. म्हणाली, ज्वारी पेरा मग.