मदत हवी आहे: हिमालयनची मागची सीट काढून कॅरियर लावलं, आता हँडल लटलटतं

पऱ्हाटीवाला:
नमस्कार मंडळी. राळेगावजवळच्या खेड्यात राहतो, कापूस-तुरीची शेती. मागच्या वर्षी सेकंडहँड हिमालयन ४११ (रॉयल एनफिल्डची मोटरसायकल) घेतली. बायको एकदाच बसली. पांदण रस्त्यानं तिची कंबर धरली, "आता तुमची तुम्ही फिरवा" म्हणून मोकळी झाली. म्हणजे गाडी एकट्याचीच. शेवटची वेचणी आटोपली की चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली करत सिरोंच्याला जायचं आहे, प्राणहिता गोदावरीला मिळते तिथवर. (समृद्धीवर दुचाकीला मनाई असल्याचं दुःख आमच्या वाटेला नाही, आमची दिशाच वेगळी.)

माझी उंची ५ फूट ३ इंच, सीट ८०० मिमी. म्हणून मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) पार सैल करून घेतला. पाय टेकले, खूश.

मग मागची सीट काढून वेल्डिंगवाल्याकडून कॅरियर बनवलं. माणूस हाताचा पक्का, पण जन्मभर वखर, डवरे आणि ट्रॉल्याच केल्या. एक इंची चौकोनी पाइप लावून असं कॅरियर दिलं की वर बैल उभा राहील. काट्यावर टाकलं तर ९ किलो! "राजेहो, तुटाचं नाव नाही घेनार." खरं आहे, नाहीच घेणार. त्यावर तंबू, बॅग, हत्यारं, ट्यूबा आणि अगदी टोकाला पाच लिटरची पेट्रोलची कॅन.

पांढरकवड्याकडे ४४ नंबरच्या हायवेवर ट्रायल घेतली. सत्तरपर्यंत ठीक. पंचाहत्तरला चष्मा सारायला एक हात सोडला, तर हँडल चाळणीसारखं हलायला लागलं. मागे ट्रक. गाडी कशीबशी कडेला घेतली, पाच मिनिटं नुसता बसून होतो.

हवा बरोबर आहे. मेकॅनिक म्हणतो कोनसेट (हँडल फिरतं ती बेअरिंग) बदला. बदलू का? आणि सीट काढल्यावर आरटीओची भानगड होते का?

आर्वीकर:
भाऊ, आधी मेन स्टँडवर पुढचं चाक उचला आणि हँडल हळू फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेला. नाही अडकलं तर पैसे वाचवा.

मला दोष वजनात दिसतो. तुमचं सगळं सामान मागच्या ॲक्सलच्या मागे आहे, म्हणजे पुढचं चाक तेवढं हलकं. वर प्रीलोड सैल, त्यामुळे मागचा भाग आणखी बसतो आणि पुढचा फोर्क (चाक धरणारे दोन दांडे) आडवा होतो. एका कामानं दुसऱ्याची वाट लावली. हत्यारं टाकीच्या बाजूला क्रॅशगार्डजवळ खाली बांधा, तंबू सीटच्या जागी आडवा ठेवा. कॅन कशाला? टाकी १५ लिटरची, तीसचं ॲव्हरेज धरलं तरी चारशेच्या वर जाते. आलापल्ली-सिरोंचा शंभरेक किलोमीटर. आलापल्लीला फुल करा आणि निघा.

ट्यूबांचं मात्र बरोबर केलंत. बाभळीचा काटा कुठेही भेटतो, आणि पुढचं चाक २१ इंची. खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे ती ट्यूब मिळत नाही.

खडीचा रस्ता:
आरटीओचं: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीवरच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल चालत नाही. नटबोल्टवर बसणारं, काढता येणारं कॅरियर ठेवा. फ्रेम कापू नका. मागचे फूटरेस्ट, धरायचं हँडल आणि साडीगार्ड तसेच राहू द्या, नियम १२३ मध्ये ते आहेत. गाडीवर काही वेल्ड करायची वेळ आलीच तर आधी बॅटरीच्या वायरी सोडवा, नाहीतर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) उडेल.

पऱ्हाटीवाला:
हँडल कुठेच अडकलं नाही. कोनसेट वाचला, म्हणून मेकॅनिक थोडा नाराज. कॅन घरीच ठेवली, ती आता फवारणीच्या पंपाला. हत्यारं खाली बांधली, तंबू पुढे सरकवला, प्रीलोड तीन खाचा कसला. काल त्याच रस्त्यावर ऐंशीला गेलो, हँडल गप्प. पातळ पाइपचं कॅरियर पुन्हा बनवायला टाकलंय. जुनं बघून वेल्डिंगवाला म्हणे, बकरीच्या गोठ्याला दार होईल.

पण आता पाय टेकत नाही, फक्त अंगठे. ट्रॅक्टरची सीट शिवणारा इथे आहे, फोम दीड इंच छिलून देतो म्हणतो. कुणी असा छिलून घेतलाय का? दोनशे किलोमीटरनंतर बूड काय म्हणतं?